जांभळ्याचं पिवळं झालं, म्हणून औषध झालं का?

हल्ली गटाच्या बैठकांमध्ये पावडर विकणारे येतात. ग्लासभर पाण्यात आयोडीनचे थेंब टाकतात, पाणी तपकिरी होतं. मग डब्यातली चिमूटभर पावडर टाकली की पाणी नितळ! "बघा ताई, शरीरातली घाण अशीच निघते." डब्याची किंमत हजाराच्या वर. आमच्याकडच्या काही जणींनी गटातून कर्ज काढून असे डबे घेतले, म्हणून आज हा विषय.

पाणी नितळ होतं हे खरं. पण लिंबू पिळलं तरी तेच होतं. जीवनसत्त्व 'क'मुळे आयोडीनचा रंग जातो. त्यात शरीराचा काही संबंध नाही.

अशीच, पण नीट मोजून करायची एक चाचणी प्रयोगशाळेत असते. तिच्यातल्या रसायनाचं नाव भलतंच लांब, सगळे डीपीपीएच म्हणतात. पदार्थाच्या कणांत इलेक्ट्रॉन जोडीनं राहतात. एखादा एकटा उरला की त्या कणाला फ्री रॅडिकल म्हणतात. असे कण बहुतेक क्षणभरही टिकत नाहीत, शेजाऱ्याकडून इलेक्ट्रॉन ओढतात. डीपीपीएच मात्र बाटलीत भुकटी म्हणून टिकतं. ते १९२२ साली तयार झालं, आणि १९५८ पासून या चाचणीत वापरतात. मिथेनॉलमध्ये विरघळलं की गडद जांभळं होतं. त्यात डाळिंबाचा अर्क घालून अर्धा तास अंधारात ठेवतात. अर्कातून हायड्रोजन मिळाला की जोडी जमते आणि जांभळ्याचं पिवळं होतं. रंग किती उतरला ते यंत्र मोजतं. मिथेनॉल विषारी आहे, तेव्हा हे घरी करायचं नाही.

डाळिंब आपलंच. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे, आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालंय. या चाचणीत दाण्यांपेक्षा आपण उकिरड्यावर टाकतो ती साल जास्त जोरदार ठरते. म्हणून सालीची पावडर करायचं बऱ्याच गटांच्या मनात आहे. चांगलंच आहे. पण व्यापारी सांगतो, "पाकिटावर कॅन्सरवर गुणकारी लिहा, दुप्पट भाव देतो." लिहू नका. खाण्याच्या पदार्थावर रोग बरा करण्याचा दावा करायला कायद्यानं मनाई आहे, आणि कारवाई झाली तर नोंदणी गटाच्या नावावर असते, व्यापाऱ्याच्या नाही.

शिवाय पिवळा रंग दिसला तो नळीत. पोटात गेल्यावर पचन होतं, रक्तात काय आणि किती उतरतं ते वेगळंच. चहाही ही चाचणी पास होतो, आवळाही. फिनलंडमध्ये २९ हजार बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. ज्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी जास्त निघाला. १९९४ साली हे छापून आलं. तेही अँटिऑक्सिडंटच होतं.

आणखी एक. दाणे लाल म्हणून डाळिंबानं रक्त वाढतं असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. डाळिंब आवडीनं खा, पण हिमोग्लोबिन कमी असेल तर आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या घ्या. त्या फुकट मिळतात.

सालीचं काम करायचंच असेल तर या चाचणीला न दिसणारी एक गोष्ट बघा. तेल्या रोगासाठी बागेवर पुन्हा पुन्हा फवारणी होते, आणि औषध बसतं ते सालीवरच. रंग पिवळा झाला तरी ते कळत नाही. म्हणून साल उचलायच्या आधी बागायतदाराकडून फवारणीची वही मागा. शेवटची फवारणी कधी झाली, कशाची झाली, ते गटाच्या रजिस्टरात लिहून घ्या. वही दाखवत नसेल तर त्याची साल घेऊ नका, फुकट देत असला तरी.