तडा भरण्याआधी



दारावरच्या किंवा खिडकीवरच्या विटकामाला तडा गेला की घरमालक गवंड्याला बोलावतो. गवंडी तड्यात सिमेंट भरतो, सांधे नीट ओढतो आणि पैसे घेऊन जातो. दोन-तीन पावसाळ्यांत तडा त्याच जागी पुन्हा उघडतो. आपल्या व्यवसायात ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे की तिला दुरुस्ती म्हणायचीही कोणाला लाज वाटत नाही. ती वाटायला हवी.

विटांची भिंत स्वतःच्या पोटात कमान धरते. दारावरच्या साधारण त्रिकोणी भागाचे वजन लिंटेलवर, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईवर, येते. त्याच्या वरचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे वळतो. मात्र त्यासाठी दोन्हीकडे पुरेशी भिंत असावी लागते. गॅरेजचे दार बहुधा घराच्या टोकाला असते आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला विटांचा अरुंद खांब तेवढा उरतो. कमानीचा रेटा त्याला बाहेर ढकलतो आणि कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांचा तडा वर चढतो. अशा घरात आधी खांबाला ओळंबा लावावा. लिंटेलकडे नंतर पाहावे. खांब कलला असेल तर नवे लिंटेल घालूनही काही साधत नाही.

अमेरिकेत दोन गाड्यांच्या गॅरेजचे दार बहुधा 16 फूट रुंद असते. न्यू जर्सी किंवा शिकागोकडच्या अनेक मराठी कुटुंबांच्या घरांनाही अशी दारे आहेत. वरचा विटांचा पातळ दर्शनी थर लोखंडी अँगलवर बसवलेला असतो. विटकाम पेलणारे लिंटेल गाळ्याच्या 1/600 पेक्षा जास्त वाकू नये, असा तिथला संकेत आहे. 16 फुटांना ही मर्यादा जेमतेम 8 मिलिमीटर होते. अँगल हलका निवडला की मधोमध उभा तडा येतो. गंजाची गोष्ट वेगळी. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. अँगलची टोके भिंतीत रुतलेली असतात आणि तिथे फुगलेला गंज वरच्या विटा अक्षरशः उचलतो. लिंटेलच्या टोकापासून निघालेला आडवा तडा ही त्याची खूण.

अशा तड्यात सिमेंट भरणे म्हणजे पाणी आत कोंडणे. टेकू लावून वरच्या विटा काढाव्यात, अँगल खरवडून किती लोखंड शिल्लक आहे ते पाहावे. जाडी टिकली असेल तर गंजरोधक रंग पुरतो, नाहीतर गॅल्व्हनाइज्ड अँगल घालावा. त्यावर पाणी बाहेर काढणारा पत्रा बसवावा आणि पहिल्या थरात निचऱ्याची भोके ठेवावीत. अँगल आणि वीट यांच्यामधली फट सीलंटने बुजवण्याचा मोह आवरावा. पाण्याला बाहेर पडायची ती वाट असते.

ब्रिटनमधला प्रश्न निराळा. तिथल्या कित्येक जुन्या घरांत खिडकीवर उभ्या विटांची रांग आहे आणि तिच्याखाली लाकडी चौकटीशिवाय आधार नाही. चौकट काढून प्लॅस्टिकची खिडकी बसवली की रांग खाली बसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल 2002 पासून खिडक्या बदलण्याचे काम बांधकाम नियमांखाली आले. दुरुस्तीच्या वेळी रांगेतल्या विटा जागेवर असतील तर आडव्या सांध्यांत खाच पाडून 6 मिलिमीटरच्या पीळदार स्टेनलेस सळ्या ग्राउटमध्ये बसवतात आणि दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा मीटर पुढे नेतात. वरचे विटकामच तुळईसारखे काम करू लागते. ही पद्धत सुंदर आहे, पण विटा सैल होऊन खाली आल्या असतील तर ती रांग पुन्हा बांधण्यावाचून गत्यंतर नाही.

विटांत सळई घालणे आपल्याकडे नवे नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यातले अलेक्झांडर ब्रेब्नर यांनी भारतात त्याच्या चाचण्या घेतल्या आणि 1923 मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. पण साध्या लोखंडाची सळई मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत गंजते. तिथे गिलाव्याचा नवा थर फक्त गंज झाकतो.

म्हणून या व्यासपीठावरून एक विनंती. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख आणि रुंदी लिहा, काही महिने थांबून तो वाढतो का पाहा. लिंटेल खाली बसत असेल किंवा विटा सुट्या झाल्या असतील तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी टेकू द्या. प्रत्येक कंत्राटदाराने अंदाजपत्रकात तड्याचे कारण लिहावे आणि ते नसेल तर घरमालकाने अंदाजपत्रक परत पाठवावे.