आमच्या ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘गाण्याचा नाद’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. निबंधाची शब्दमर्यादा मी तेव्हाही पाळत नव्हतो, त्यामुळे मराठीच्या बाईंनी कृपया घड्याळाकडे बघू नये.

आपल्या गॅदरिंगचा ऑर्केस्ट्रा सगळ्यांना आठवत असेल. पेटी, ढोलकी, हलगी, एक गाणारा आणि उसना आणलेला कॅसिओ घेऊन मी. शाळा सुटल्यावरही दोन-अडीच वर्षं आम्ही लग्नात, गणपतीत वाजवत होतो. आमच्यात खरा कलाकार एकच, ढोलकीवाला. बाकीचे आम्ही त्याच्या आधाराने चालायचो, हे तेव्हा मला मान्य नव्हतं.

त्याला बाहेरून बोलावणी येऊ लागली. कधी भजनी मंडळ, कधी एखादी पार्टी. एका लग्नाच्या तारखेला तो दुसरीकडे गेला. आम्ही हलगीवरच वेळ मारून नेली, नवरीच्या मामाने ठरल्यातले पैसे कापले. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर मी त्याला चारचौघांत म्हणालो, “एक तर आमच्यात राहा, नाही तर त्यांच्यात जा.” तो काही बोलला नाही. संध्याकाळी येऊन ढोलकी घेऊन गेला. महिन्याभरात ऑर्केस्ट्रा बंद पडला, आणि पुढे कित्येक वर्षं मी सांगत राहिलो की त्याने मोडला.

मी पुण्याला गेलो. होस्टेलवर रूम पार्टनरकडे कॅसेटी होत्या. डीप पर्पलची ‘मेड इन जपान’ ऐकली आणि येडाच झालो. नंतर त्यांचा इतिहास वाचत गेलो, तर काय! १९६८ पासूनच्या सगळ्या संचांत कायम असलेला माणूस एकच, ड्रमवाला इयन पेस. गाणारे बदलले, गिटारवाले बदलले. चाहते संचांना चक्क नंबर देतात, मार्क वन, मार्क टू. गायक इयन गिलन बँडमध्ये असतानाच १९७० च्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रेकॉर्डमध्ये येशू गायला होता. त्याला कुणी स्टँडवर गाठून जाब विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

पण ते लोक लांबचे. मला जास्त जवळचा वाटला तो मुंबईचा रॉक मशीन. १९८४ साली सुरू झालेला, १९९३ साली नाव बदलून इंडस क्रीड झालेला. स्वतःची इंग्रजी गाणी करून भारतभर वाजवणारी ही पोरं १९९७ मध्ये थांबली. त्यातले गायक उदय बेनेगल आणि गिटारवाले जयेश गांधी यांनी अमेरिकेत ‘आम्स फॉर शांती’ नावाचा वेगळाच बँड काढला, त्यात भारतीय सूरतालही आले. परत आल्यावर बेनेगल आणि जुने गिटारवादक महेश तिनईकर ‘व्हर्लिंग कलापाज’ नावाने साध्या, बिनविजेच्या गिटारींवर वाजवू लागले. त्यातूनच २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. झुबिन बालापोरिया कीबोर्डवर जुनेच, बास आणि ड्रमवर मात्र नवी तरुण मुलं. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. तो ऐकताना माझ्या डोक्यात आलं, मधल्या काळात हे लोक दुसरीकडे वाजवत राहिले म्हणून तर बोटं जिवंत राहिली. माझा कॅसिओ १९९२ नंतर माळ्यावर होता. त्याची ढोलकी एक दिवस थांबली नाही.

हे समजायला इंग्रजी कॅसेटी कशाला हव्या होत्या, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. आपल्याच जिल्ह्यातले बार्शीचे अमर शेख १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात उभे राहिले, पुढे त्यांनी स्वतःचं कलापथकही चालवलं. अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले. आणि खुडूसचं रिंगण करून माउलींची पालखी दरवर्षी आपल्या वेळापुरात मुक्कामाला येते, त्यातल्या दिंडीत एक विणेकरी दमला की दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात. लहानपणापासून हे मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत आलो. माणूस बदलताना पाया पडायचं असतं, हे डोळ्यासमोर असून मी स्टँडवर आरडाओरडा केला.

त्या काळी त्याच्या घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं. आमच्या ऑर्केस्ट्रात मिळणाऱ्या वाट्यात घर चालणार नव्हतं. हे मला त्याने नाही, हलगीवाल्याने सांगितलं, तेही बारा वर्षांनी. तेव्हा फोन करायला हवा होता. केला नाही. लाज वाटली, दुसरं कारण नाही.

तो आज आलाय. डावीकडून तिसऱ्या रांगेत बसलाय आणि मघापासून खाली बघतोय. मित्रा, ऑर्केस्ट्रा तू मोडला नाहीस. मी मोडला. ज्या चारचौघांत मी तुला बोललो होतो, त्यातले तिघं इथे हजर आहेत, म्हणून हे माईकवर सांगतोय.

पेटीवाला आपल्यातून गेला, पण त्याचा मुलगा पेटी वाजवतो आणि तो आलाय. हलगी आहे. कॅसिओ मी माळ्यावरून काढून आणलाय, दोन पट्ट्या वाजत नाहीत. जेवणं झाल्यावर मंडप रिकामा आहे. ढोलकी तुझ्या गाडीत आहे, हे मला पार्किंगमध्येच कळलंय.