अंतर्वाहिनी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आज दुपारी या मंडपात वधूवर परिचयाचा कार्यक्रम व्हावयाचा आहे. त्यापूर्वी मी दोन शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. मी आयुष्यभर भूगोल शिकविला. तेव्हा नदीपासूनच आरंभ करतो.

वर्धा आणि वैनगंगा चपराळ्यापाशी एकत्र होतात व पुढे प्राणहिता हे नाव धारण करतात. ही प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. समोरच्या तीरावर कालेश्वर आहे. तेथे डोळ्यांना दोनच नद्या दिसतात, तरी त्या क्षेत्रास त्रिवेणी म्हणतात. कारण तिसरी सरस्वती अंतर्वाहिनी आहे, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेची गोष्ट मी श्रद्धेवर सोडतो. परंतु न दिसणारे पाणी आपल्या नद्यांत खरोखरच असते. वैशाखात पात्राची वाळू तापते, तिच्यावर पाय ठरत नाही. त्याच वाळूत झिरा खणला की गार पाणी लागते. भरल्या नदीच्या वळणावर वरचे पाणी बाहेरच्या काठाकडे लोटले जाते, आणि तळाचे पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे वळते. काठावर उभे राहून पाहणाऱ्यास मात्र नदी एकाच दिशेने चाललेली दिसते.

सिरोंचा तालुक्याच्या सीमेवर, गोदावरीवरील ८५ दारांचा मेडीगड्डा बंधारा सन २०१९ मध्ये तेलंगण शासनाने कार्यान्वित केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी जी कारणे दिली, त्यांत पायाखालची वाळू पाण्याबरोबर आतल्या आत वाहून गेली, हे एक होते. एवढे अवजड काम, आणि घात झाला तो वाळूच्या कणांनी!

आता घरची गोष्ट सांगतो. ती सांगण्यास संकोच वाटतो. पण तीच सांगण्यासाठी मी उभा आहे.

सन १९९९ मध्ये माझ्या ज्येष्ठ कन्येस स्थळ आले. घराणे चांगले, मुलगा निर्व्यसनी. ती बारावी उत्तीर्ण झाली होती. मुलीने खाली मान घातली, काही बोलली नाही. आम्ही तो होकार समजलो. आपल्याकडे असाच समज आहे, आणि मी तर शिक्षक! वर्गात गप्प बसलेल्या मुलास समजले नसेल, हे मी रोज ओळखत होतो.

एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेच्या पुष्करास आम्ही सहकुटुंब सिरोंच्यास गेलो. स्नान झाल्यावर वाळूत बसलो असता, सतरा वर्षांच्या नातीसाठी एक स्थळ सांगून आल्याचा विषय मी सहज काढला. मुलगी एकदम म्हणाली, "बाबा, हिला शिकू द्या. मला नागपूरला जाऊन नर्स व्हायचं होतं."

मी म्हणालो, "तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला विचारलं होतं का कधी? तारीख सांगितली होती."

जावई भले आहेत, तिचा संसार सुखाचा आहे, हे मी मुद्दाम सांगतो. तेवीस वर्षांत तिने कधी तक्रार केली नाही. त्यामुळेच मला काही कळले नाही. त्या दिवशी मजजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. नात सध्या शिकते आहे.

कार्यवाहांस मी एक विनंती केली आहे व ती त्यांनी मान्य केली आहे. आज नाव पुकारण्यापूर्वी प्रत्येक मुलीस, आणि मुलासही, मंडपामागच्या खोलीत आपल्या विश्वासाच्या एका व्यक्तीजवळ एकांतात बोलता येईल. आईवडिलांनी त्या वेळी बाहेर थांबावे. आत काय बोलणे झाले हे विचारू नये. एखादे नाव यादीतून कमी झाले, तर कोणी रागावू नये.