वहीवरची तांबडी शाई



घरची बोली एक आणि शाळेची भाषा दुसरी, ही अडचण तुम्हांला नवी नाही. चिनी लेखक लू शुन तरुणपणी, १९०४ साली, वैद्यक शिकण्यासाठी जपानमधील सेंदाईला गेला. व्याख्याने सारी जपानीत. फुजिनो हे तेथे शरीररचनाशास्त्र शिकवीत; भाषाशिक्षक नव्हेत. तरीही त्यांनी त्याला बोलावून, व्याख्याने उतरवून घेता येतात का, अशी चौकशी केली आणि दर आठवड्याला वही दाखवायला सांगितले. वही परत आली ती अथपासून इतिपर्यंत तांबड्या शाईने भरून! सुटलेला मजकूर लिहिलेला, व्याकरणाच्या चुकासुद्धा सुधारलेल्या. फुली मारायला क्षण पुरतो. सुटलेले वाक्य लिहून द्यायला रात्र जागावी लागते. पालकहो, मुलांच्या वह्यांत गुणांआधी अशी शाई शोधा.

काही वर्गबंधूंना मात्र, याला प्रश्न आधीच कळतात, असा संशय आला. असे लोक सर्वत्र असतात.

१९०६ मध्ये लू शुनने वैद्यक सोडले. १९२६ साली त्याने या गुरुजींवर लेख लिहिला. बीजिंगच्या घरी मेजासमोरच्या भिंतीवर त्यांचे छायाचित्र असे. रात्री लिहिताना आळस आला, की तो त्या चेहऱ्याकडे पाही, सिगारेट पेटवी आणि पुन्हा लिहू लागे.