ऐक्याचा ठराव आणि ऐक्याचा संसार
(मुलचेरा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



या वनप्रदेशात चर्चच्या इतिहासावर बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु फूट हा आपल्याही चळवळीचा जुना आजार आहे. म्हणून एका अल्पसंख्य समाजाचा अनुभव तपासून पाहू.

१८४३ साली स्कॉटलंडचे चर्च फुटले. पाद्री नेमण्याचा अधिकार जमीनदाराचा की मंडळीचा, हा वादाचा मुद्दा. मराठी ख्रिस्ती माणसाचा त्या जमीनदारांशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही १८४५ साली नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप फुटून निघालेल्या फ्री चर्चचे होते. चांद्याला मिशन आले तेही स्कॉटिशच, पण बिशप मानणाऱ्या एपिस्कोपल चर्चचे. मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. त्यामुळे माणसाचा पंथ पुष्कळदा श्रद्धेपेक्षा गावावरून ठरे. परक्यांची भांडणे अशी आपल्या अंगणात वारसाहक्काने आली.

ती मिटवण्याचा मोठा प्रयत्नही विदर्भातच फळाला आला. १९२९ पासून वाटाघाटी चालल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चे मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. बिशप राहिला, पण त्याच्या जोडीला प्रतिनिधींची सभा आली. बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढांचा, दोन्ही मान्य झाले. मतभेद पुसून न टाकता त्यांना घरात जागा दिली, हे त्या ऐक्याचे मोठेपण. अमेरिकन परंपरेतील मेथॉडिस्ट मात्र ऐन वेळी बाहेर राहिले.

पण श्रद्धेचा प्रश्न सुटला तरी मालमत्तेचा सुटला नाही. गुजरातमधील ब्रदरेन मंडळीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. केवळ ठरावाने नोंदणीकृत विश्वस्त संस्था विलीन होत नाही, कायद्याची रीत पाळावी लागते, असा निर्णय २०१३ साली, म्हणजे ऐक्यानंतर ४३ वर्षांनी लागला.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात नवल वाटत नाही. ठराव वरच्या सभेत होतो. जमीन, शाळा, वेतन यांचा संसार खाली असतो. आपण १९५२ साली प्रजा समाजवादी पक्ष केला, १९५५ साली फुटलो, १९६४ साली संयुक्त समाजवादी झालो आणि वर्षभरात पुन्हा दुभंगलो. दर वेळी वाटाघाटी नेत्यांनी केल्या. गावच्या शाखेला निर्णय तेवढा कळवला.

पुढच्या वेळी ऐक्याची भाषा निघेल, तेव्हा मुलचेऱ्याच्या कार्यकर्त्याने पहिला प्रश्न विचारावा: ‘आम्हांला कोणी विचारले?’ आणि दुसरा: ‘कार्यालयाची किल्ली कोणाकडे राहणार?’ या दोहोंची उत्तरे आधी मिळाली, तरच ते ऐक्य टिकेल.