व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर : मूळ किती, बदललेला किती?

सोलापुरातल्या एखाद्या जुन्या माईकवाल्याच्या माळ्यावर व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर अजूनही सापडतो. तसाच गिटारचा जुना अॅम्प्लिफायर हाती आला, तर आतले भाग मूळचे आहेत का, हे कसं ओळखायचं? आधी एक सावधगिरी. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ३००-४०० व्होल्ट साठून राहू शकतात. जीव जाऊ शकतो, म्हणून पेटी जाणत्या मेकॅनिककडूनच उघडून घ्या.

मग सोल्डर बघा. जुनं सोल्डर मंद, करडं दिसतं. मध्येच चकचकीत थेंब दिसला, की तिथं नंतर कुणाचा तरी हात फिरलाय. अमेरिकन अॅम्प्लिफायर असेल तर व्हॉल्यूमच्या पॉटची, म्हणजे बटणामागच्या पोटेन्शिओमीटरची, पाठ वाचा. समजा, तिथं १३७६६१४ आहे. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल, १४ म्हणजे त्या वर्षाचा चौदावा आठवडा. ट्रान्सफॉर्मरवरचा आकडाही याच सुमाराचा निघाला, तर काय आनंद होतो!

व्हॉल्व्ह मात्र झिजतातच. आत भारत इलेक्ट्रॉनिक्सचा व्हॉल्व्ह दिसला तर नाक मुरडू नका. कुणीतरी तो अॅम्प्लिफायर इथंच जगवलाय. कंडेन्सरही वाळतात, आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. ते जरूर बदला, पण काढलेले जुने पिशवीत घालून पेटीसोबत जपून ठेवा.