अगोदर वेलांटी बघा

संगणकावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. मी बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण अब्बांच्या वहीपायी या भानगडीत पडलो.

अब्बांच्या उर्दू गझलांची एक वही घरात आहे. कागद पिवळा पडलाय, कडा झडू लागल्यात. आमच्या मुलांना उर्दू लिपी वाचता येत नाही. तेव्हा वही संगणकावर उतरवावी, प्रत्येक गझलेशेजारी माझा मराठी अनुवाद असावा आणि एकाच खिडकीत दोन्ही दिसावं, एवढीच इच्छा. भाचा प्रोग्रॅमिंग करतो. तो म्हणाला, "मामू, आधी टूलकिट ठरवावं लागेल."

घर बांधताना आपण खिडक्या-दारांच्या तयार चौकटी आणून बसवतो ना, तसंच हे. बटणं, मेनू, मजकूर लिहायची जागा हे सगळं टूलकिटमध्ये तयार मिळतं. प्रोग्रॅम लिहिणारा ते जोडत जातो.

भाच्यानं पहिल्यांदा टीके घेतलं. पायथॉन भाषेसोबत ते फुकट मिळतं, शिकायला सोपं. एका संध्याकाळी खिडकी उभी राहिली. आमच्या जुन्या संगणकावर लिनक्स आहे आणि टीकेची आवृत्ती होती ८.६. मी हौसेनं 'कविता' असा शब्द टाइप केला. वेलांटी 'व'च्या अलीकडे यायची, ती पलीकडे जाऊन 'त'ला टेकली! अब्बांचे शब्द तर अक्षर-अक्षर सुटे झालेले, वर डावीकडून उजवीकडे मांडलेले. मला एकदम वही जळाल्यासारखं वाटलं.

कारण असं, की संगणक 'व' आधी साठवतो आणि वेलांटी नंतर. दाखवताना तिला पुढे आणणं, जोडाक्षरं जुळवणं, उर्दूची अक्षरं एकमेकांत गुंफणं हे निराळं काम आहे. लिनक्सवरचं ते टीके हे काम करतच नव्हतं. इंग्रजीपुरतं पाहणाऱ्याला हा दोष कधी दिसलाही नसता.

हे काम करणाऱ्या एका मुक्त प्रणालीचं नाव हार्फबझ. मूळचे इराणचे बेहदाद इस्फहबोद हे तिचे प्रमुख कर्ते. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं; 'ओपनटाइप' या फाँटच्या तंत्राचं हे फारसी भाषांतर. नाव ऐकून अब्बा खूश झाले असते.

जीटीके आणि क्यूटी ही दोन्ही मोठी टूलकिट हार्फबझ वापरतात. मग निवड कशावर करायची? इथे थोडा इतिहास लागतो. क्यूटी नॉर्वेतलं. १९९६ साली केडीई हा लिनक्सचा डेस्कटॉप त्यावर सुरू झाला. पण तेव्हा क्यूटीचा परवाना पुरता मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये काही मंडळींनी जीटीकेवर जीनोमची वेगळी चूल मांडली. पुढे २००० साली क्यूटी जीपीएलखाली आलं, २००९ मध्ये एलजीपीएलखाली, आणि तो वाद बराचसा निवळला.

जीटीके मुळात गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमसाठी लिहिलं गेलं. त्याची तिसरी पिढी २०११ साली आली. तिच्यावर उभा असलेला गिंप ३.० बाहेर पडला तो २०२५ मध्ये! तोवर जीटीकेची चौथी पिढी येऊनही चार वर्षं उलटली होती. ज्याच्यासाठी चौकटी घडवल्या, त्याच घराला त्या बदलायला चौदा वर्षं लागली. म्हणून भाचा आधी टूलकिट ठरवू म्हणत होता. मला ती त्याची टाळाटाळ वाटली होती.

आम्ही शेवटी क्यूटी घेतलं. कारण साधं. पोरांपैकी कुणाकडे विंडोज, कुणाकडे मॅक. क्यूटी तिन्हीकडे नीट चालतं. खिडकी टीकेपेक्षा जड झाली, उघडायला जरा वेळ घेते. घेऊ दे.

आता डावीकडे मी, उजवीकडे अब्बा. उर्दूची नस्तालीक अक्षरं तिरकी उतरत येतात, त्यांच्या ओळीला उंची जास्त लागते. त्यांच्या दोन ओळी होतात तोवर माझ्या तीन संपतात. भाचा म्हणाला, "मामू, अंतर सारखं करून देऊ का?"

म्हटलं, "राहू दे. वहीतसुद्धा ते ऐसपैसच लिहायचे."